वाघिणी रुळावर आणणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही म्हणता, "आभार कसले मानतेस, चहा टाक." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

गेल्या शनिवारी माझ्या बारा वाघिणी, म्हणजे हाताने जोडलेली मालगाडीच्या वॅगनची छोटी मॉडेलं, तुमच्या रुळांवरून एकदाही न घसरता पूर्ण फेरी मारून आल्या. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "आता उलट्या दिशेने." उलट्या दिशेनेही नाही घसरल्या. त्या क्षणी मला पहिली वाघीण आठवली.

तिच्या सुट्या भागांचं ते खोकं खरं तर चिरंजीवांचं. ब्रिटिश रेल्वेची 16 टनी पोलादी कोळसा वॅगन, खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर या मापाची, लांबीला जेमतेम 66 मिलिमीटर. त्याचा उत्साह दोन दिवसांत संपला आणि इथे इंग्लंडात, डर्बीतल्या त्या पावसाळी आठवड्यात खोकं माझ्या पदरात पडलं. मी ट्यूबमधला गोंद घेऊन बसले. भिंतींवर बोटांचे ठसे, कोपऱ्यांतून गोंदाच्या तारा, आणि टेबलावर ठेवली तर एक चाक अधांतरी. कुणीतरी सांगितलं, दोन गल्ल्या सोडून एक मराठी काका राहतात, त्यांच्या गॅरेजात आख्खं स्टेशन आहे.

तुम्ही ती डुगडुगणारी वस्तू हातात घेतलीत आणि हसला नाहीत, याबद्दल पहिले आभार. फुटक्या फोटोफ्रेमची काच आणलीत. टेबलावर विश्वास ठेवायचा नाही, काचेवर ठेवायचा, हा पहिला धडा. दुसरा धडा सॉल्व्हंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाचा: भाग कोरडेच जुळवायचे, सांध्याला बारीक ब्रश टेकवायचा, द्रव आपणहून फटीत ओढला जातो. सांधे नरम असतानाच पितळी वाट्यांत चाकं बसवायची, गाडी काचेवर उभी करायची आणि वर वजन ठेवून झोपायला जायचं. सकाळी चारही चाकं टेकलेली. मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती संध्याकाळ वेगळी. तिसरी वाघीण मी एकटीने पूर्ण करून आणली होती, रंगासकट. तुम्ही ती उलटी केलीत. (वरून कुणीही बघतं, खालून बघतो तो वॅगनवाला, हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात भाजी निवडतानाही म्हटलं जातं.) मग विचारलंत, "या बाजूचा दांडा खाली दाबला तर ब्रेक लागेल. पलीकडून दाबला तर?" मी म्हटलं, तोही लागेल. "कसा?"

दांडे दोन्ही बाजूंना आणि दोन्हीकडे समोर उभं राहिलेल्या माणसाच्या उजव्या हाताला. मधून आडवा दंड एकच. म्हणजे अलीकडून दाबलं की तो एका दिशेने फिरणार, पलीकडून दाबलं की बरोबर विरुद्ध, आणि ब्रेक लागण्याऐवजी सुटणार. म्हणून एका बाजूला दिशा उलटवणारा तुकडा हवा, मॉर्टन क्लच. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला लागून येतात, त्यावर तांदळाच्या कणीएवढा, आणि मी तो दोन्ही बाजूंना चिकटवला होता, जोडी छान दिसते म्हणून! माझ्या वाघिणीचे ब्रेक एका बाजूने जन्मात लागले नसते. तुम्ही ब्लेड पुढे केलंत आणि स्वतः मात्र हात लावला नाहीत. तेव्हा राग आला होता, आज सांगते.

त्याच संध्याकाळी तुम्ही ब्रॉम्सग्रोव्हजवळच्या लिकीच्या चढाची गोष्ट सांगितलीत. 37.7 फुटांना एक फूट चढ. उतरणाऱ्या मालगाड्या वर ब्लॅकवेलला थांबायच्या आणि माणसं गाडीलगत चालत एकेका वाघिणीचा दांडा दाबून खिळ घालायची, कारण या गाड्यांना इंजिनातून लागणारे ब्रेकच नव्हते. मी कर्जतची. आमच्या बोरघाटाचा चढ 37 ला 1, आणि मागून रेटा देणारी बँकर इंजिनं बघत मी वाढले. ब्रॉम्सग्रोव्हलाही बँकर असत हे ऐकून मी इतकी खूश झाले की तुम्ही दुसरा चहा स्वतः केलात. तोही तुमच्याकडून एकदाच.

बाकीचं भराभर. पांढरा तिरका पट्टा मी सुबक दिसेल तिथे लावला होता. त्याचं वरचं टोक वाघिणीच्या ज्या टोकाला दार उघडतं तिकडे हवं, नाहीतर गोदीत कोळसा ओतणाऱ्याने कुठलं टोक खाली करायचं? गंजासाठी तुम्ही घरातलं मीठच वापरायला लावलंत: आधी गंजाचा रंग, ओल्या जागी मिठाचे खडे, वरून करडा फवारा, वाळल्यावर बोटाने खरवडायचं. आत तर सगळाच गंज, कोळशाने घासून रंग उरतोय कुठे.

आणि एक कबुली. वजनासाठी शिशाच्या बारीक गोळ्या पांढऱ्या गोंदात घालू नकोस, असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. मी दोन वाघिणींत घातल्या. सहा-सात महिन्यांत शिसं पांढरं पडून फुगलं आणि तळ फुटून वर आला. तुम्हाला वाटलं त्या माझ्या हातून पडल्या. पडल्या नव्हत्या. आता सगळ्यांत लोखंडी नट आहेत, आसामागे 25 ग्रॅम, तुमच्या हिशेबाने.

क्लबातल्या त्या आजोबांना तुम्ही एकदा सांगितलंत, आमच्या भाषेत वॅगनला वाघीण म्हणतात आणि वाघाच्या मादीलाही. तेव्हापासून ते मला "टायग्रेस लेडी" म्हणतात. याबद्दल आभार मानायचे की नाही, ते ठरलेलं नाही.

गार्डाचा डबा अजून खोक्यातच आहे. त्याच्या पायऱ्यांचे तुकडे इतके नाजूक आहेत की सांगाड्यावरून तोडायची हिंमत होत नाही. रविवारी याल का? काच माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त भिंग आणा. चहा टाकते.

तुमची,
कर्जतवाली