आडनावावरून ठरवायचं नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांनी विचारलं होतं, पुण्यात इतक्या तऱ्हेची माणसं, मग शेवटच्या दिवसांत कोणाचं काय करायचं ते नर्सला कसं कळतं? पेशंटला बोलता येतंय तोवर त्यालाच विचारायचं. जवळ कोण हवं, प्रार्थना कोणती, अंगावरचं काय काढायचं नाही, हे फाइलमध्ये लिहायचं, तर रात्रपाळीलाही कळतं. आडनावावरून अंदाज बांधला की हमखास चुकतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते तोंडात गंगाजल घालताना. शुद्ध हरपली की गिळणं थांबतं, चमचाभर पाणीही फुप्फुसात जातं आणि माणूस गुदमरतो. म्हणून मान एका कुशीवर, गॉज भिजवून घट्ट पिळायचा आणि ओठांना लावायचा. तुळशीचं पान ओठांना टेकवायचं, जिभेवर ठेवायचं नाही. ‘उपाशी जाऊ देऊ नका’ म्हणणाऱ्या घरच्यांनाही हेच काम द्यावं, दर दोन तासांनी तोंड ओलं करायचं. त्यांचे हात रिकामे राहत नाहीत. ऑक्सिजन चालू असेल तर समई-उदबत्ती अजिबात नाही, बॅटरीचा दिवा चालतो.

मुस्लिम पेशंटचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबेच्या दिशेला, हवं असतं. पुण्याहून ती दिशा पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे. पलंग वळवण्याआधी ऑक्सिजनची नळी पुरते का ते पाहायचं. कलमा घरच्यांनी कानाशी हळू म्हणावा. पोलीस केस असेल तर पोस्टमॉर्टेममुळे दफनाला उशीर होतो आणि नळ्याही काढता येत नाहीत. हे आधीच सांगितलं नाही, तर त्या दुःखात भांडणं होतात. कॅथलिक घरात फादरना पेशंट शुद्धीत असतानाच बोलवावं. शीख पेशंटचे केस विचारल्याशिवाय कापायचे नाहीत. काही जैन सूर्यास्तानंतर तोंडाने काहीच घेत नाहीत. मग वेदनेच्या गोळीची वेळ किंवा देण्याची पद्धत डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, डोस चुकवायचा नाही.

घशातली घरघर ऐकून घरचे सक्शन, म्हणजे नळीने स्राव ओढून काढणं, मागतात. खोलवर नळी घातली की त्रासच होतो आणि स्राव पुन्हा साठतो. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच केलं की बऱ्याचदा आवाज कमी होतो.

आता तुमचं. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि 2023 मध्ये सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. दोघांनी आपापलं वेगळं लिहा. आई, तुझं काय लिहायचं ते बाबांना ठरवू देऊ नकोस.

तुमची लेक