बंड्याला, त्या शॉर्ट फिल्मवरून

बंड्या,

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ती शॉर्ट फिल्म, सीरियातून पळून बोटीने युरोपात निघालेल्या बाप-लेकाची, काल बघितली एकदाची, आई झोपल्यावर, इअरफोन लावून. छोटीशीच आहे म्हणालास म्हणून लावली आणि नंतर दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. नुसता अंगठा पाठवणं बरं दिसेना म्हणून हे टाइप करत बसलोय, ट्रेनमध्ये वाच निवांत.

बोट उलटते तिथे मला रडू नाही आलं, तिथे म्युझिक इतकं चढवलंय की उलट मी सावरूनच बसलो. त्याच्या आधीचा तो किनाऱ्यावरचा सीन. अंधारात तो सीरियन बाप खिशातून फुगा काढतो, पोराला वाटतं आपल्यासाठीच, आणि बाप त्यात मोबाइल कोंबतो, पाणी जाऊ नये म्हणून, आणि दातात धरून गाठ मारतो. पोराचं तोंड एवढंसं होतं. मग ते विचारतं, तुला पोहता येतं ना? तो म्हणतो, येतं की. मी तिथेच पॉज केलं.

मग काय, वाचत बसलो. फोन फुग्यात घालणं डायरेक्टरने मनाने घातलेलं नाही, खरंच करायचे लोक. 2015 साली समुद्रातून युरोपात दहा लाखाच्या वर माणसं आली, त्यातली बरीचशी तुर्कस्तानातून ग्रीसच्या बेटांवर. अंतर किती म्हणशील तर त्यातल्या लेस्बोस बेटाला काही ठिकाणी दहा किलोमीटरसुद्धा नाही, म्हणजे आपलं दादर ते घाटकोपर! पासपोर्टवाल्या टुरिस्टाला थोड्या युरोत फेरीबोटीचं तिकीट, आणि ह्यांच्याकडून दलाल माणशी हजार डॉलरच्या वर घ्यायचे, तेही हवा भरलेल्या रबराच्या बोटीसाठी. आणि जॅकेटं? जानेवारी 2016 मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात पोलिसांनी एका वर्कशॉपवर धाड टाकून 1263 बनावट लाइफ जॅकेटं पकडली, आत पॅकिंगचा माल भरलेला, जो पाणी शोषून घेतो. जीव वाचवायला घातलेलं जॅकेटच बुडवणार. आणि तिथे शिवायला कामाला कोण, तर त्यात सीरियाच्याच दोन मुली. हे वाचल्यावर फोन ठेवूनच दिला थोडा वेळ.

तो लाल टीशर्टवाला चिमुकला आठवत असेल तुला, आलान कुर्दी, सप्टेंबर 2015, बुडून तुर्कस्तानात बोद्रुमच्या किनाऱ्याला लागलेला. तेव्हा सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केला, मीही केला, खोटं कशाला बोलू. त्याचा बाप वाचला, बायको आणि दोन्ही मुलं गेली, त्या बापाचं पुढे काय हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

तू केस कापतोस तो सलूनवाला सीरियाचाच ना? त्याला हे सगळं विचारायला जाऊ नकोस हां. तो आपणहून बोलला तर ऐक, नाहीतर केस काप आणि ये.

आता खरं सांगायचं ते. 26 जुलै 2005, तू मोठ्या शिशूत होतास. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला हे आपल्याला नंतर कळलं, तेव्हा एवढंच दिसत होतं की कुर्ल्याला रस्ता आणि मिठी नदी एकच झालीये. तुला खांद्यावर घेतलं होतं, पाणी माझ्या छातीला, डिव्हायडरला धरून पुढचा माणूस जाईल तसं जात होतो, तुझी वॉटरबॅग माझ्या कानाशी टकटक आपटत होती. शेवटी कुणीतरी पहिल्या मजल्यावर घरात घेतलं, चहा-पारले दिलं, दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत का होईना घरी पोचलो. म्हणजे आपलं त्यांच्यासारखं मुळीच नाही, आपलं घर होतं जागेवर.

पण तूही तेच विचारलं होतंस. बाबा, तुम्हाला पोहता येतं ना? मी म्हटलं हो रे, गावाला विहिरीत शिकलो, आणि वर हेही म्हटलं की सूर पण मारायचो. तू ते शाळेत सगळ्यांना सांगत फिरलास, बाईंनासुद्धा.

मला पोहता येत नाही, बंड्या. गावच्या विहिरीच्या कठड्याजवळसुद्धा मी उभा राहायचो नाही. आईला माहितीये, तिने त्या दिवसापासून एका शब्दाने काढलं नाही.

बाबा