ऑफिसातल्या कॉम्प्युटरची घड्याळं आधी एकमेकांशी जुळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली सतरा-अठरा वर्षं आमच्या तालुक्यात कॉम्प्युटर मेंटेनन्सचं काम करतो. पतसंस्था, शाळा, दोन-तीन दवाखाने, एक-दोन ग्रामपंचायती, सगळीकडची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार असतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण विषय असा आहे की गप्प बसवत नाही.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून फोन आला, कॅमेऱ्याचं फुटेज पेन ड्राइव्हवर काढून द्या, पोलिसात द्यायचंय. गेलो. एका आजीचं म्हणणं होतं की माझ्या खात्यातून वीस हजार निघाले पण मला मिळालेच नाहीत. व्हाउचरवर वेळ छापलेली १२:४१. फुटेजमध्ये १२:४१ ला काउंटरसमोर कोणीच नाही, कॅशियर पोरगा एकटा बसून बंडलं लावतोय. झालं, सगळ्यांचं ठरलंच की पोरानं खोटी एन्ट्री मारून पैसे उचलले. पोरगा जेमतेम चोवीस-पंचवीसचा, वडील नाहीत, रडून रडून डोळे लाल. मी डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यासमोर बसलो आणि सवयीनं मोबाइलमधला टाइम बघितला तर डीव्हीआर ८ मिनिटं मागे. मग काउंटरचा कॉम्प्युटर बघितला तर तो ६ मिनिटं पुढे. म्हणजे व्हाउचरवरचे १२:४१ हे कॅमेऱ्याच्या हिशेबानं १२:२७ होते! १४ मिनिटं मागे गेलो तर आजी आहेत, शेजारी नातू आहे, पोरानं नोटा दोनदा मोजून दिल्यात आणि नातवानं त्या स्वतःच्या सॅकमध्ये टाकल्यात. आजींना बिचाऱ्यांना लक्षात राहिलं नव्हतं, एवढंच.

कोणी खोटं बोलत नव्हतं. फक्त एका खोलीत तीन घड्याळं होती आणि तिन्ही वेगवेगळी, त्यात भिंतीवरचं चौथं धरलंच नाही.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर आहे म्हणजे टाइम बरोबरच असणार. तसं नसतं हो. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर मनगटी घड्याळात असतो तसलाच क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा, आणि तो स्वस्तातला असतो. दहा लाखात वीसची चूक ही त्याच्यासाठी अगदी नॉर्मल गोष्ट आहे, पण तेवढ्यानंच दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० सेकंदाच्या आसपास आणि वर्षाला १० मिनिटं फरक पडतो. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या ऑफिसात अजून वाढतो. त्यात पुन्हा एक मशीन पुढे पळतं आणि दुसरं मागे राहतं, म्हणजे दोघांतला फरक दुप्पट. आणि बोर्डवरचा तो बटणासारखा सेल संपला की विचारूच नका, दर सकाळी कॉम्प्युटर जुन्या कुठल्यातरी सालात उठतो, वेबसाइट उघडत नाहीत, आणि माणसं नेट गेलंय म्हणून मला फोन करतात. तीस-चाळीस रुपयांचा सेल असतो तो.

मुंबईत एकेकाळी दोन टाइम चालायचे. १९०६ ला देशाची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईनं स्वतःची ३९ मिनिटं मागे असलेली वेळ लगेच सोडली नाही, ती थेट १९५५ पर्यंत चालू राहिली. पण तिथं निदान फरक ३९ मिनिटांचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, माणूस हिशेब करू शकायचा. आपल्या ऑफिसांतला फरक कोणाला माहीतच नसतो आणि तो रोज थोडा थोडा बदलत जातो, म्हणून तो जास्त वाईट.

यावर उपाय फुकट आहे आणि जुना आहे. डेव्हिड मिल्स, जे पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले, त्यांनी १९८५ मध्ये एनटीपी म्हणून पद्धत मांडली. त्यात होतं काय की तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारतो किती वाजले, आणि विचारलं कधी ते स्वतःकडे लिहून ठेवतो. समोरचा मला निरोप मिळाला कधी आणि मी उत्तर पाठवलं कधी हे दोन्ही लिहून देतो. उत्तर पोचलं की तुमचा कॉम्प्युटर चौथी वेळ लिहितो. या चार आकड्यांवरून जाण्यायेण्यात किती वेळ गेला तो कळतो, तो निम्मा जाताना आणि निम्मा येताना असं धरलं की आपलं घड्याळ किती चुकलंय ते निघतं. इंटरनेटवर जायला आणि यायला सारखाच वेळ लागेल असं नाही म्हणून थोडी चूक राहते, पण ऑफिसातल्या ऑफिसात वायर दहा-वीस मीटरची, तिथं फरक एका मिलिसेकंदाच्या आसपास येऊ शकतो. साध्या विंडोजच्या मशीनला तेवढं जमलं नाही तरी सेकंदाच्या आत तर येतंच, आणि आपल्याला तेवढं भरपूर झालं. मिल्स सर जानेवारी २०२४ मध्ये गेले. आपल्या प्रत्येकाच्या रोजच्या वापरात त्यांचं काम आहे आणि त्यांचं नाव इथं फार थोड्यांना माहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता अडचण अशी की बऱ्याच पतसंस्था काउंटरच्या मशीनला नेट देतच नाहीत, व्हायरसच्या भीतीनं, आणि ते बरोबरच आहे. मग टाइम येणार कुठून? तर लॅनमधला, म्हणजे ऑफिसातल्या वायरच्या जाळ्यातला एकच कॉम्प्युटर, शक्यतो सर्व्हर म्हणजे बाकीचे जोडलेले असतात तो मुख्य कॉम्प्युटर, टाइमचा मालक करायचा. तो बाहेरून खरी वेळ घेईल आणि बाकी सगळे त्याला विचारतील, काउंटर, मॅनेजरचं मशीन, डीव्हीआरसुद्धा. डीव्हीआरच्या मेनूत तारीख-वेळेच्या पानावर एनटीपीचा ऑप्शन बहुतेक वेळा असतो, मी बघतो तिथं तो बंदच असतो, तिथं सर्व्हरचा आयपी, म्हणजे जाळ्यातला त्याचा नंबर, टाकला की झालं. हजेरीच्या थंबच्या मशीनला बहुधा तिच्या सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरचा टाइम देता येतो. सर्व्हरलाही नेट नसेल तरी हरकत नाही, आठवड्यातून एकदा एका माणसानं मोबाइल बघून फक्त त्याचाच टाइम लावावा, बाकीचे आपोआप त्याच्यामागे येतील. सगळे एकसारखेच दहा सेकंद चुकले तर काही बिघडत नाही. एन्ट्री आणि कॅमेरा एकमेकांशी जुळले पाहिजेत ही पहिली गरज.

एक चूक मला इतक्या ठिकाणी दिसते की सांगायलाच पाहिजे. असेंबल केलेल्या मशीनवर विंडोज टाकताना टाइमझोन अमेरिकेचा पॅसिफिक तसाच राहतो आणि कोणीतरी झोन न बदलता नुसते आकडे फिरवून भारताची वेळ लावतं. वरून सगळं बरोबर दिसतं. मग एक दिवस ऑटोमॅटिक टाइम चालू होतो आणि घड्याळ एकदम साडेबारा-साडेतेरा तास मागे उडी मारतं, सगळे म्हणतात इंटरनेटनं टाइम बिघडवला, आणि ऑटोमॅटिक कायमचं बंद करून टाकतात. इंटरनेटचा काही दोष नसतो. आधी झोन भारताचा करा, मगच बाकीचं. आणि घड्याळ मागे घ्यायचं असेल तर संध्याकाळी सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद केल्यावरच घ्या, नाहीतर व्हाउचर ११३ ची वेळ ११२ च्या आधीची छापून येते आणि ऑडिटर त्यावरून पूर्ण दिवस खातो, हे मी बघितलंय.

सरकारचा नियम नाही असंही नाही. सर्ट-इन या कॉम्प्युटर सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढला, त्यात सरकारी कार्यालयं, कंपन्या, डेटा सेंटर या सगळ्यांनी एनआयसी (सरकारी कॉम्प्युटरचं काम बघणारी केंद्राची संस्था) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, आपल्या यंत्रणांचा टाइम जुळवावा असं स्पष्ट लिहिलंय. आपली प्रमाणवेळ ठेवायचं काम याच प्रयोगशाळेकडे आहे आणि तिचा टाइम सर्व्हर कोणालाही फुकट वापरता येतो. पण मी ज्या ज्या ऑफिसात जातो तिथं या निर्देशाबद्दल ऐकलेला एकही माणूस मला अजून भेटला नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

म्हणून आपल्या पेपरमार्फत सहकार खात्याला आणि शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की वर्षाच्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये फक्त एक ओळ वाढवा: संस्थेतला प्रत्येक कॉम्प्युटर, डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन प्रमाणवेळेपेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे. ऑडिटरला मोबाइल घेऊन पाच मिनिटं फिरावं लागेल. आणि पोलिसांनाही विनंती की फुटेज ताब्यात घेताना डीव्हीआरवरची वेळ आणि त्याच क्षणी मोबाइलवरची वेळ, दोन्ही पंचनाम्यात लिहा, एका फोटोत दोन्ही आले तर उत्तमच. आता गावागावात चौकात कॅमेरे बसतायत, उद्या त्यावर कोणाचा तरी जामीन ठरणार आहे.

तो पोरगा अजून त्याच पतसंस्थेत आहे. सोमवारी सकाळी शटर उघडलं की काउंटर, सर्व्हर, डीव्हीआर तिन्ही घड्याळं मोबाइलशी ताडून एका वहीत लिहितो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात वही बघितली, सगळ्या पानांवर फरक शून्य किंवा एक सेकंद.

आपला,
एक कॉम्प्युटर मेंटेनन्सवाला,
जि. सातारा