जिन्यातली ‘जास्तीची’ जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीच्या जिन्यात आणि लँडिंगवर ठेवलेल्या सामानावरून वाद झाले की रहिवाशांचे म्हणणे छापून येते, कमिटीचेही येते. नियम नेमका काय सांगतो आणि तो कसा वाचायचा, एवढेच राहून जाते. मी ड्राफ्ट्समन आहे. महापालिकेत मंजुरीसाठी जाणारे नकाशे काढणे हेच माझे रोजचे काम, त्यामुळे बांधकामाची नियमावली सतत उघडी असते. म्हणून हे पत्र.

आमच्याच सोसायटीतला मुद्दा सांगते. आमचा जिना १.२ मीटर रुंद आहे. एका सदस्याने राष्ट्रीय बांधकाम संहितेतला तक्ता शोधला. त्यात निवासी इमारतीच्या जिन्याची किमान रुंदी १ मीटर दिलेली आहे. सभेत त्यांनी हिशेब मांडला की २० सेंटिमीटर जागा जास्तीची आहे, तेवढ्या खोलीचे चपलांचे कपाट भिंतीला लावले तर नियम मोडत नाही. बरेच जण गप्प बसले, कारण आकडा खरा होता आणि वजाबाकीही बरोबर होती.

तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. संहितेतली रुंदी ही किमान मर्यादा आहे. स्थानिक नियमावलीत इमारतीच्या उंचीप्रमाणे ती वाढते, आणि एकदा नकाशा मंजूर झाला की त्यावर जी रुंदी लिहिली तीच त्या इमारतीला लागू होते. आमच्या मंजूर नकाशावर १.२ मीटर आहे. म्हणजे जास्तीचे काहीच नाही. शिवाय बाहेर पडण्याच्या वाटेत कोणताही अडथळा नसावा, ही अट संहितेत वेगळी आहे. जिना दोन मीटरचा असला तरी ती लागू होते.

नुसता आकडा उचलला तर काय होते तेही पाहा. त्याच संहितेत निवासी इमारतीत दर १२.५ चौरस मीटरला एक माणूस धरतात आणि जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी मोजतात. मजला ५०० चौरस मीटरचा असेल तर माणसे ४० आणि जिना निघतो ४० सेंटिमीटरचा! ४० सेंटिमीटरच्या जिन्यावरून कोणी उतरू शकेल का? म्हणूनच गणित काहीही येवो, किमान रुंदी राखावीच लागते. आग लागली की माणसे खाली येत असतात आणि त्याच वेळी अग्निशमन दलाचे जवान होज घेऊन वर चढत असतात. एखाद्याला उचलून आणावे लागते. ही सगळी ये-जा धुरात, अंधारात, भिंतीला हात लावून होते. ज्या भिंतीला हात लावायचा तिथेच आपण कपाट ठोकणार का?

सेफ्टी डोअरचे तसेच. उघडलेल्या दाराने जिन्याची किंवा लँडिंगची आवश्यक रुंदी ९०० मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये, असे संहिता सांगते. आमच्या एका मजल्यावर समोरासमोरच्या दोन फ्लॅटना बाहेर उघडणारी लोखंडी दारे आहेत. मी टेप लावून मोजले. एकच दार उघडले तर ९०० मिलिमीटर कसेबसे भरतात. दोन्ही उघडली की मधून जायला जेमतेम दीड फूट उरतो. दोन्ही घरमालकांनी आपापले दार तपासून घेतले आहे आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. पण आगीची आरोळी झाली की दोन्ही दारे एकदमच उघडतात. हा नियम दोन्ही दारे उघडी धरूनच वाचायला हवा.

गच्चीच्या दाराचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. बहुतेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे. कारणे खोटी नाहीत. लहान मुले वर जातात, टाकीचे नळ चोरीला जातात, रात्री बाहेरची पोरे येऊन बसतात. संहिता म्हणते, बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूच्या माणसांसाठी आहे त्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे. आता गच्चीचे दार ‘बाहेर पडण्याचे दार’ धरायचे का? व्याख्या काटेकोर वाचली तर बाहेर पडण्याची वाट जमिनीवर, मोकळ्या आवारात संपते. गच्ची त्यात बसत नाही. मग कुलूप चालेल, असे म्हणणारा माणूस कागदावर चुकत नाही.

पण खालच्या मजल्यावर आग लागली तर धूर जिन्यातूनच वर चढतो. उतरता येत असेल तर उतरावेच, यात वाद नाही. ज्याला उतरता येत नाही त्याला मोकळी हवा फक्त गच्चीवर मिळते. किल्ली तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये, माणसे सातव्या मजल्यावर आणि मध्ये धुराने भरलेला जिना, असे असेल तर ते कुलूप कोण उघडणार? नियमाचा हेतू ध्यानात घेतला तर दार जिन्याच्या बाजूने किल्लीशिवाय उघडायला हवे, हाच अर्थ मला योग्य वाटतो. चोरीची भीती आहे तर आतून ढकलले की उघडणारा पॅनिक बार बसवावा आणि दार उघडताच केबिनमध्ये वाजेल असा बझर लावावा. रहिवाशांची अडचणही सुटते आणि नियमही पाळला जातो.

हा अर्थ माझा झाला. सोसायटीने विचारायचे कोणाला? आमच्या कमिटीने विचारले. एका टेबलावर सांगितले, गच्चीला कुलूप चालेल. दुसऱ्या खात्यात सांगितले, अजिबात चालणार नाही. लेखी मागितले तर अर्ज द्या म्हणाले, आणि अर्जाला उत्तर आले नाही. ज्याला जे उत्तर सोयीचे तेच तो सभेत सांगतो, आणि कुलूप आजही जागेवर आहे.

संहिता म्हणजे नुसत्या शिफारशी, त्या पाळायची सक्ती नाही, असेही आमच्या सभेत ठासून सांगण्यात आले. भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता स्वतः कायदा नाही, हे खरे. पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने आगीच्या बाबतीत तिचे पालन बंधनकारक केले आहे, आणि ती जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. म्हणजे सोसायटीत राहणाऱ्या आपणा सगळ्यांवर.

सोयीचा अर्थ किती महागात पडतो याचा दाखला आपल्या देशात आहे. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली आणि ५९ माणसे गेली. खाली पार्किंगच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला आणि धूर बाल्कनीत भरला. त्या बाल्कनीत १९७६ साली ४३ जादा खुर्च्यांना परवानगी मिळाली होती. १९७९ साली ती सवलत रद्द झाली. जागेची पाहणी झाली, सहा खुर्च्या काढायला लावल्या आणि उरलेल्या ३७ ‘बऱ्याच अंशी नियमानुसार’ आहेत असे ठरवून तशाच राहू दिल्या. उजव्या बाजूची वाट तर खासगी बॉक्स बांधून बंदच झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात हा सगळा तपशील आला आहे. खुर्च्या चोरून बसवलेल्या नव्हत्या. अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहिले होते, कागद केला होता आणि नियम पाळल्यासारखाच आहे, असा अर्थ लावला होता. वाट मोकळी कशासाठी ठेवायची असते, हा प्रश्न त्यांनी विचारला असता तर त्या ३७ खुर्च्याही निघाल्या असत्या. हा तपशील वाचल्यापासून ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द कोणत्याही शेऱ्यात दिसले की मी नकाशा पुन्हा तपासते.

राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तरतूद आहे की अर्थाविषयी वाद झाला तर तो शासनाकडे पाठवावा आणि शासनाचा निर्णय अंतिम राहील. मोठ्या प्रकल्पांसाठी ते ठीक आहे. गच्चीच्या कुलपासाठी कोणतीही सोसायटी मंत्रालयापर्यंत जाणार नाही. म्हणून प्रत्येक महापालिकेच्या नगररचना विभागाने आणि अग्निशमन दलाने मिळून आपली स्पष्टीकरणे लेखी प्रसिद्ध करावीत, अशी माझी मागणी आहे. कोणते कलम, प्रश्न काय आला, निर्णय काय दिला आणि तो का दिला, एवढे चार-सहा ओळींत लिहावे, तारीख घालावी, सोबत हाताने काढलेले साधे रेखाचित्र जोडले तरी पुरे. आज एका सोसायटीला दिलेले उत्तर उद्या दुसरीला उपयोगी पडेल आणि अधिकारी बदलला म्हणून ते बदलणार नाही. अधिकाऱ्यांचाही यात फायदा आहे, तोच प्रश्न त्यांना रोज नव्याने ऐकावा लागणार नाही.

दर जानेवारी आणि जुलैमध्ये सोसायट्या परवानाधारक एजन्सीकडून ‘बी’ फॉर्म, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेतात. आमच्याकडे त्या वेळी पंप, हायड्रंट, एक्स्टिंग्विशर बघून जातात, जिना कोणी चढत नाही. येत्या खेपेला कमिटीने एजन्सीच्या माणसाला तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पायी न्यावे. मजल्यामजल्यावरची दारे एकदम उघडून मोजावे, गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडते का ते पाहावे, आणि जे आढळेल ते मंजूर नकाशाच्या प्रतीवर लिहून सभेपुढे ठेवावे. आपल्या वृत्तपत्राच्या मालमत्ता पुरवणीत नव्या प्रकल्पांच्या जाहिराती असतात, तिथे दर आठवड्याला यातल्या एखाद्या कलमाचा अर्थ जाणकारांकडून लिहून घेऊन छापलात तर फार बरे होईल. सुरुवात गच्चीच्या दारापासून करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ड्राफ्ट्समन आणि आपली नियमित वाचक