पर्स परत टेबलावर ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

त्या संध्याकाळी तुम्ही घरी निघाला होतात, पर्स खांद्याला लावून. मी फोन ठेवून खाली मान घालून बसलो होतो. पलीकडचा ब्रिटिश माणूस म्हणाला होता, 'इट्स चकिंग इट डाऊन हिअर.' चक म्हणजे फेकणं एवढंच ठाऊक, म्हणून मी विचारलं होतं, कोण फेकतंय? सगळे खो-खो हसले होते.

तुम्ही हसला नाहीत. पर्स परत टेबलावर ठेवलीत, खिडकीचा पडदा सारलात आणि म्हणालात, "बाहेर बघ. काय दिसतंय? आधी मराठीत सांग."

"आभाळ भरून आलंय."

"आलंय म्हणजे कोण आलंय?"

कोणीच नाही! मग तिकडे तरी कोण काय फेकणार? तिकडे पाऊस नुसता कोसळत होता, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. भरून येणं म्हणजे 'क्लाउड ओव्हर', निवळणं म्हणजे 'क्लिअर अप', ओसरणं म्हणजे 'ईज ऑफ'. 'लेट अप' तर बहुतेक वेळा नकारातच येतं, आपला पाऊस 'थांबायचं नाव घेत नाही' तसं. हे सगळं गप्पांत बोलायचं, रिपोर्टात 'चकिंग' लिहू नकोस, हेही तुम्हीच बजावलंत.

त्याआधी एका इंग्रजीच्या क्लासला सहा महिने फी भरली होती. तिथं अशा जोडक्रियापदांची एबीसीडीप्रमाणे लांबलचक यादी होती. 'ड्रॉ इन'समोर 'आत ओढणे'. मग 'द नाइट्स आर ड्रॉइंग इन' म्हणजे काय, विचारलं तर सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." पैसे बरे येत होते!

तुम्ही मात्र त्यावर दहा मिनिटं बोललात. लंडनला जूनमध्ये दिवस १६ तासांहून मोठा, डिसेंबरात ८ तासांहूनही लहान. उन्हाळा सरताना संध्याकाळी लवकर अंधारून यायला लागतं, तेव्हा माणसं हे वाक्य जरा हळहळत म्हणतात. ती हळहळ कुठल्या यादीत सापडणार? इंग्रजी येणारे पुष्कळ असतात. न येणाऱ्याला न लाजवता सांगणारे फार थोडे भेटले मला.

परवा तोच माणूस फोनवर म्हणाला, 'इट्स ब्राइटनिंग अप अॅट लास्ट.' म्हणजे, एकदाचं उघडतंय. मी म्हटलं, 'अबाउट टाइम!' तो हसला, पण या वेळी माझ्यावर नाही.

त्या दिवशी तुमची शेवटची बस चुकली, हे मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तुम्ही बोलला नाहीत.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा