मनू, त्या बोर्डाला हात लावू नकोस

चि. मनू,

काल फोन आपटलास त्याचं मला काही नाही. पण "एका सॉकेटसाठी कोणी येत नाही, मीच व्हिडिओ बघून बदलते" म्हणालीस आणि माझ्या डोळ्याला डोळा नाही. फोनवर तू ऐकत नाहीस म्हणून लिहितेय.

वाईचं घर म्हणजे तुझा पुण्यातला फ्लॅट नाही गं. तिथे बटण बंद केलं म्हणजे करंट बंद झाला असं नसतं. कुठे कुठे बटण करंट आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी परतीच्या न्यूट्रलवर टाकलंय, म्हणजे दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज तसाच. आणि मीटरखाली ते चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आहेत ना, एक फेजचा एक न्यूट्रलचा, त्यातला न्यूट्रलचा उडाला की अख्खं घर अंधारात आणि तारांत करंट जिवंत. मोहनकाका त्यातच फेकला गेला होता, पार जिन्यापर्यंत. त्यानंतर आजीने मीटरखाली एक लाकडी पाट कायमचा ठेवून दिला, मेन स्विचला हात लावायचा तर त्यावर उभं राहूनच, आणि त्या पाटावर मग कोणाला जेवायला बसू दिलं नाही, पंगतीत पाट कमी पडला तरी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गौरी-गणपतीत मी तो उचलून आणला होता, काय ओरडली होती!

असो. फोटो पाहिला. सॉकेटचा कोपरा तपकिरी झालाय. 2000 वॅटचा गिझर म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, तो तू 5 अँपिअरच्या जुन्या सॉकेटात कन्व्हर्टर लावून चालवतेस? तो तापणारच. त्याला हात लावू नकोस.

वायरमन टाळतात त्यालाही कारण आहे. लाकडी पट्टीतली ती रबरी वायर जरा वाकवली की वरचं रबर जुन्या पापडासारखं मोडतं, मग कापायची, मग आखूड पडते, मग जोड द्यायचा, आणि उद्या काही झालं तर नाव त्याचं. दोन-तीनशे रुपयांसाठी कोण घेईल अंगावर? म्हणून एकटं सॉकेट सांगूच नकोस. जिन्यातला दिवा, माजघरातला पंखा, आणि गिझरला मीटरपासून वेगळी लाइन, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, असं सगळं एकत्र सांग. इलेक्ट्रिकच्या दुकानात सकाळी जा, वायरमन माल घ्यायला तिथेच येतात. लायसन विचारायला लाजू नकोस. आल्याआल्या टेस्टर काढतो का, अर्थिंगचं विचारतो का बघ. "फ्यूजमध्ये जाड तार घालून देतो ताई" म्हणाला तर चहा पाज आणि परत पाठव. आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घे, एमसीबी वायर वाचवते, माणसाला शॉक बसला तर ही पडते. जुन्या वायरिंगवर सारखी पडेल, तर वैतागून काढून टाकू नकोस, करंटचं लीकेज कुठे आहे ते शोधायला लाव. पावसात मोरीची भिंत झिरपते, बहुतेक तिथेच असेल.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तुला येत नाही असं मी म्हणतच नाहीये. सातवीत मिक्सरची तुटलेली पिन बदललीस तेव्हा बाबा सोसायटीभर सांगत फिरले होते, मीसुद्धा, तुझ्या नकळत. पण तेव्हा शेजारी कोणीतरी होतं. आता रात्री एकटी त्या घरात, हात ओले, आणि हाक मारली तरी वाड्यात ऐकायला आहे कोण? तू तिथे राहायला गेलीस याचं बाबांना किती बरं वाटलंय ते सांगता येत नाही, त्यांच्या आईचं घर उघडं राहिलं. मला पण वाटलंय. पण हात लावू नकोस.

पैसे पाठवलेत, परत करू नकोस. वायरमन आला की व्हिडिओ कॉल लाव. मी मध्ये बोलणार नाही, नुसती बघेन. बरं, थोडं बोलेन.

आई

ता. क. तोपर्यंत गिझर नको. पाणी गॅसवर तापव.