सोमवारचं शिवराक आणि रोजचं शिवराक

फोंडा, जुलै महिना

चि. बाबू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर सूनबाईच्या गरोदरपणातल्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाचा विषय काढला की तू "हो गे आई, हो गे आई" करतोस आणि बोलणं पावसावर नेतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र तुला आहे, तिला नव्हे. तिला सांगणारे पुष्कळ आहेत. रविवारी जेवताना तुझ्या आत्याने "नुस्तें खाल्ले बगर भुरगें कशें वाडटलें?" (मासे खाल्ल्याशिवाय मूल कसं वाढणार?) म्हणून विचारलं, शेजारच्या काकींनी तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याचे गुण गायले, आणि तू ताटात मान घालून भात कालवत राहिलास. ती हसून गप्प बसली. त्या हसण्याला होकार समजू नकोस.

तेव्हा आधी एवढं पक्कं कर: माशाचा विषय तिच्यापुढे पुन्हा निघणार नाही. औषध म्हणून नाही, सूप म्हणून नाही, "नुसता रस तरी घे, फोड नको" म्हणूनही नाही. सत्तरी तालुक्यातल्या चित्पावन घरात वाढलेली मुलगी आहे ती. लग्नाच्या वेळी आपल्याला हे ठाऊक होतं आणि आपण मान डोलावली होती. पोटात बाळ आलं म्हणून तो शब्द बदलत नाही. आणि गंमत बघ, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाजारात येतं ते बर्फातलं नाहीतर खाडीतलं, आत्या स्वतः सुक्या बांगड्यावर दिवस काढते आहे, आणि आग्रह मात्र ताज्या इसवणाचा, म्हणजे सुरमईचा! इसवण आणि मोरी (शार्क) यांसारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, म्हणून मासे खाणाऱ्या गरोदर बायकांनासुद्धा ते जपून खायला सांगतात. हे आत्याला मी सांगेन. तू सांगितलंस तर भांडण होईल.

पण "शिवराक म्हणजे सात्त्विक, त्यात काय बघायचं" हे म्हणणंही मला मान्य नाही. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी केली ती डोळे मिटून नव्हे. मासे खाणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलेलं पाहिलं, शिवराक मुलींचंही पाहिलं. ताटात काय वाढलं जातं त्यावर सगळं असतं, आणि आपल्या घरच्या शिवराक ताटाबद्दल मला काळजी वाटते.

आपलं शिवराक हे सोमवारचं शिवराक आहे. एक दिवस मासा नाही, म्हणून दुधीची भाजी, डाळीचा पातळ रस, लोणचं, फार तर बटाट्याच्या कापा. चतुर्थीला खतखतें होतं, त्यात भाज्या दहा आणि तूरडाळ मूठभर, बाकी नारळ. आठवड्यातून एक दिवस कुणाचं काही बिघडत नाही, कारण मंगळवारी हुमण (माशाची आमटी) असतंच. तिला मात्र मंगळवार नाही. सोमवारचं ताट नऊ महिने वाढलंस तर भात आणि नारळ भरपूर होईल, प्रथिनं कमी पडतील. तिच्या माहेरचं शिवराक रोजचं आहे; तिथे मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक (मुगाची आणि चवळीची आमटी), ताक, कुळथाचं सार हे रोजच्या स्वयंपाकात येतं. त्यामुळे काय करायचं हे विहीणबाईंना विचार, मला नको. मला हुमणाचं वाटण विचार.

आता आकडे सांगते. तू हिशोबातला माणूस, तुला ते बरे पटतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली ज्या शिफारशी दिल्या त्यांप्रमाणे गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. उष्मांक लागतात रोजचे ३५० जास्त. म्हणजे "दोन जिवांचं खा" म्हणून भाताचा डोंगर वाढायचा नाही. आणखी एक नीट न्याहारी, एवढंच ते. २२ ग्रॅम ऐकायला मोठं वाटतं, पण मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, कोरड्या अळसांद्यांत सात ग्रॅम येतात, पेलाभर दुधात सहा-सात, वीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत पाच, वाटीभर दह्यात तीन-चार. झाला हिशोब. फक्त हे रोज व्हायला हवं, आणि कडधान्य रोज व्हायचं तर आदल्या रात्री कुणीतरी भिजत घालायला हवं. ते कुणीतरी तू हो. मोड आणलेस तर आणखी बरं, धान्यातलं लोह अंगाला लागायला मोडांची मदत होते. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मूग असले तरी मला चालेल. तांदळात जे उणं असतं ते कडधान्यात असतं.

लोहाचं जरा सविस्तर लिहिते, कारण यात सगळे चुकतात. भाजीपाल्यातलं लोह माशा-मटणातल्यासारखं सहज अंगी लागत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते: तांबड्या भाजीवर लिंबू पिळ, जेवणात पेरूची फोड नाहीतर आवळा ठेव. आणि चहा दूर ठेव. आपल्याकडे जेवून हात धुतला की चहाचं आधण, ते बंद. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर. बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढत नाही, आत्याने पिशवीभर दिलं तरी. कोशिंबीर कर आणि विसर.

पण नुसत्या जेवणावर भागणार नाही, हे तिलाही पटवून सांग. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, असे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम एका वेळी कधीच नाही, लोहाची गोळी दुधाबरोबरही नाही. मधे दोन तास जाऊ देत. लोहाने शौचाला काळं होतं आणि बद्धकोष्ठ होतं. काळं पाहून घाबरायचं नाही. पाणी, पालेभाजी आणि फिरणं वाढवायचं. गोळी गुपचूप बंद करणाऱ्या किती मुली पाहिल्या मी! विचारलं की म्हणायच्या, "घेते की." म्हणून डबी तू बघ, तिला न टोचता.

नाचणीची तिझण, म्हणजे गोड पेज, तिला आवडते ते उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गूळ मात्र बेतानेच घाल. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करतात, ती चुकवू नका.

ज्यावर वाद घालू नये अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बी-१२. ते कुठल्याही भाजीत, डाळीत, फळात नाही. दूध, दही, पनीर यांतून थोडं मिळतं, पण ती दूध वासाने नको म्हणते, मग उरलं काय? तिच्या आजीच्या घरी गोठा होता, दही-ताक घरचं आणि भरपूर. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये पिशवीचं दूध येतं, तेही अर्धा लिटर आणि निम्मं तुझ्या चहात. त्यामुळे "आमच्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणं शिवराक राहूनच केली" हे उदाहरण इथे लागू पडत नाही. बी-१२ कमी असलं आणि फॉलिक अॅसिड चालू असलं तर रक्ताची तपासणी वरवर ठीक दिसते आणि नसांची हानी आतून होत राहते. डॉक्टरांना पुढच्या खेपेला बी-१२ तपासायला सांग आणि गोळी द्यावी का ते विचार. स्पिरुलिना म्हणून जे हिरवं पावडर विकतात त्यात बी-१२ असल्याचं लिहिलेलं असतं. आपल्या शरीराला उपयोगी पडेल असं ते नसतं. पैसे घालवू नको.

आता मिठाचं. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानात आगरवाड्याच्या मिठागरातलं गावठी मीठ मी तुम्हाला पाठवलं होतं. चवीला त्याच्यासारखं मीठ नाही, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आपण मासे खातो, त्यामुळे समुद्रातलं आयोडीन आपल्या पोटात जातंच. तिच्या जाणार नाही. आणि गरोदरपणात आयोडीनची गरज रोज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते, बाळाचा मेंदू घडायला ते लागतं. तेव्हा गावठी मीठ लोणच्याला, आंबाड्यांना, खारातल्या कैऱ्यांना. रोजच्या जेवणात पाकिटातलं आयोडीनयुक्त. सैंधवाचंही तेच, हल्ली त्याचं फार स्तोम आहे. पाकीट फोडलं की झाकणाच्या बरणीत ओत, चुलीशेजारी उघडं ठेवू नको.

माशातलं तेल बाळाच्या मेंदूला चांगलं, हे आत्याचं म्हणणं खोटं नाही. डीएचए म्हणतात त्याला. जवस-अक्रोडातून शरीर ते थोडंसंच बनवतं. पण मासा तरी ते कुठून आणतो? पाण्यातल्या शेवाळातून. त्याच शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात, शिवराक चालतात. डॉक्टर हो म्हणाले तर आण. आत्याला हे ऐकवायला मला फार मजा येणार आहे.

श्रावण तोंडावर आहे. आपलं घर महिनाभर शिवराक होईल आणि सगळ्यांना वाटेल, आता तिची सोय झाली. सोय होईल, पण उपवास नकोत. सोमवारी एकभुक्त, शनिवारी साबुदाणा असलं काही ती स्वतःहून धरेल, तिच्या माहेरी रीत आहे. देवाला मी सांगून ठेवलंय. तू तिला सांग. साबुदाण्यात पिठाशिवाय काही नसतं.

पावसाळ्यात टायकिळा, अळू, तांबडी भाजी सगळं येतं. भरपूर धू आणि शिजवून दे, कच्चं नको. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी आणलीस तर ओळखीच्या बाईकडूनच. कच्ची पपई नको, पिकलेली खुशाल खाऊ दे. अननसाने काही होत नाही. ग्रहणात सुरी धरू नये वगैरेंना मी उत्तर देत नाही, तूही देऊ नको.

या शनिवारी दोघं येणार असाल तर मी चण्याच्या डाळीचं मणगणें (गोड खीर) करीन, तिला आवडतं आणि डाळही पोटात जाईल. जेवायला आपण चौघंच असू. येताना तिचं माता-बाल संरक्षण कार्ड आण, हिमोग्लोबिनचा मागचा आकडा मला स्वतः बघायचा आहे. परत जाताना इथून अळसांदे आणि नाचणी घेऊन जा.

तुझी
आई

ता. क. अंडं चालेल का म्हणून तिला विचारायला जाऊ नकोस. चालत असतं तर तिने सांगितलं असतं.